ग्रेडियस: चौतीस कॅप्सूलचा हिशेब, आणि मेल्यावर काय करायचं

कोनामी या जपानी कंपनीचा 'ग्रेडियस' हा विमानातून नेमबाजीचा व्हिडिओ गेम मे १९८५ मध्ये जपानच्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, आला. जपानबाहेर तो 'नेमेसिस' या नावानं गेला. गोष्ट दोन ओळींत संपते. बॅक्टेरियन नावाच्या परग्रही साम्राज्यानं ग्रेडियस ग्रहावर चाल केली आहे आणि व्हिक व्हायपर नावाचं एकटं विमान त्यांच्या फौजेला भिडून थेट त्यांच्या किल्ल्यात घुसतं. स्क्रीन आपणहून डावीकडून उजवीकडे सरकत राहतो, तुम्ही थांबू शकत नाही. हिरोयासू माचिगुची यांच्या टीमनं काम सुरू केलं ते कोनामीच्याच १९८१ च्या 'स्क्रॅम्बल'चा दुसरा भाग म्हणून, आणि त्यातून हा वेगळाच गेम उभा राहिला. संगीत मिकी हिगाशिनो यांचं.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या आठ बिटच्या डब्यांवर 'कोंट्रा' खेळलेल्यांना कोनामी हे नाव नवं नाही. तीस लाइफ देणारा तो वर-वर-खाली-खालीचा कोड पहिल्यांदा आला तो फॅमिकॉमवरच्या, म्हणजे निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या डब्यावरच्या, १९८६ च्या 'ग्रेडियस'मध्ये. काझुहिसा हाशिमोतो हा गेम आर्केडवरून फॅमिकॉमवर आणत होते. तपासताना तो त्यांना स्वतःलाच जड जाऊ लागला, म्हणून त्यांनी हा कोड घातला आणि तो तसाच राहून गेला. गेम पॉज करून वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए दाबायचं आणि पॉज काढायचा, की शस्त्रं हजर. आर्केडमध्ये ही सोय नाही.

गेम बनवणाऱ्यालाच तो जड का गेला, हे समजलं की खेळायचं कसं हेही समजतं. इथे नेमबाजी दुय्यम आहे. खरं काम दोन: शत्रू मारून मिळणारी, शस्त्रं विकत घेणारी कॅप्सूल कुठे खर्च करायची याचा हिशेब, आणि सगळं गमावल्यावर उघड्या, म्हणजे शस्त्रं नसलेल्या, विमानानिशी पुन्हा उभं राहणं. हे दुसरं न शिकता बहुतेक जण पहिल्या तीन स्टेज पाठ करतात आणि तिथेच अडकून पडतात.

कुठे खेळायचं, आणि खेळण्याआधी काय तपासायचं

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला 'ग्रेडियस ओरिजिन्स' हा संच शिकण्यासाठी सगळ्यात सोयीचा. प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज, स्विच आणि स्टीमवर मिळतो. त्यात आर्केडच्या आवृत्त्या आहेत, शिवाय मागे जाण्याची म्हणजे रिवाइंडची सोय, सेव्ह आणि सरावाचा मोड. २०१९ चा कोनामीचा 'आर्केड क्लासिक्स' संचही चालेल. त्यात हा गेम 'नेमेसिस' नावानं शोधा. फॅमिकॉमची आवृत्ती स्विच ऑनलाइनच्या जुन्या गेमच्या यादीत सापडते. सुरुवातीला ती बरी, कारण त्यात ऑप्शन (विमानासोबत चालत गोळ्या सोडणारे गोळे) दोनच मिळतात आणि हिशेब सोपा राहतो.

तीन गोष्टी आधी जागेवर आणा. टीव्हीवर खेळत असाल तर 'गेम मोड' चालू करा. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही प्रत्येक फ्रेम थोडी अडवून ठेवतो, तुम्ही वर दाबता आणि विमान उशिरा हलतं. डोंगराच्या फटीत तेवढा उशीर जिवावर बेततो. दुसरं, चित्र ताणून पूर्ण स्क्रीनभर करू नका. मूळ चित्र चारास तीन प्रमाणाचं आहे. ताणलं की आडवं अंतर फुगतं, उभं तेवढंच राहतं, आणि तिरक्या येणाऱ्या गोळीचा अंदाज चुकतो. तिसरं, ॲनालॉग काठीपेक्षा बाणांचं बटण किंवा आर्केड स्टिक वापरा. विमान आठच दिशांना चालतं, काठीनं नको असताना तिरकं जातं.

आर्केडमध्ये गोळी, मिसाइल आणि पॉवर अशी तीन वेगळी बटणं होती. संचात गोळी आणि मिसाइल एकाच बटणावर आणता येत असतील तर खुशाल आणा. पॉवरचं बटण मात्र अंगठा चुकून पडणार नाही अशा जागी ठेवा. का, ते पुढे येतंच.

खालची पट्टी

स्क्रीनच्या तळाशी सहा घरांची पट्टी असते: स्पीड अप, मिसाइल, डबल, लेझर, ऑप्शन आणि प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह म्हणजे शिल्ड. लाल कॅप्सूल घेतली की उजेड एक घर पुढे सरकतो. पॉवरचं बटण दाबलं की उजळलेल्या घरातली वस्तू मिळते आणि पट्टी पुन्हा कोरी होते. म्हणजे घराचा क्रमांक हीच त्या वस्तूची किंमत. स्पीडला एक, मिसाइलला दोन, डबलला तीन, लेझरला चार, ऑप्शनला पाच, शिल्डला सहा.

कॅप्सूल दोन प्रकारांनी मिळते. तांबड्या रंगाचा शत्रू एकटा मारला तरी तो ती टाकतो. रांगेनं उडत येणारी टोळी मात्र पूर्ण मारावी लागते, एक जरी निसटला तरी काही मिळत नाही. मधूनच निळी कॅप्सूल येते. ती पट्टी हलवत नाही, स्क्रीनवरच्या शत्रूंना उडवते. ती दिसताक्षणी झडप घालू नका. ती डावीकडे वाहत जाईपर्यंत दोन-तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात आणखी शत्रू स्क्रीनवर येऊ द्या आणि मग घ्या.

पूर्ण सजलेल्या विमानाचा हिशेब असा. दोन स्पीड दोन, मिसाइल दोन, लेझर चार, चार ऑप्शन वीस, शिल्ड सहा. एकूण चौतीस. फॅमिकॉमवर ऑप्शन दोनच, म्हणून चोवीस. आकडा ध्यानात असला की एका जिवाची किंमत कळते, आणि कोपऱ्यात अडकलेल्या एका कॅप्सूलसाठी भिंतीला घासत जाण्याचा मोह आवरतो.

या पट्टीत चार खड्डे आहेत.

पहिला: मिसाइल घेतल्यावर ते घर रिकामं दिसतं, पण मोजणीत ते राहतंच. लेझरची किंमत चारच राहते.

दुसरा: लेझर आणि डबल एकत्र राहत नाहीत. लेझर असताना पट्टी तिसऱ्या घरावर आली आणि बटण चुकून दाबलं गेलं, तर लेझर गेला, डबल आला, आणि लेझर परत मिळवायला नव्यानं चार कॅप्सूल. हा अपघात सगळ्यांच्या वाट्याला येतो.

तिसरा: ऑप्शनवर उजेड असताना बटण दाबायचं राहिलं आणि आणखी एक कॅप्सूल अंगावर आली, की उजेड शिल्डवर. त्यापुढची कॅप्सूल पट्टीला पुन्हा स्पीडवर नेते, म्हणजे ऑप्शनपर्यंत परत पाच. अशा वेळी रडत न बसता शिल्ड घेऊन मोकळं व्हावं.

चौथा सगळ्यात घातक: स्पीड. एक कॅप्सूलची वस्तू, म्हणून नवखे तीन-चार वेळा घेतात. वेग कमी करण्याचं बटण नाही. तीन स्पीडनंतर बोटाच्या एका टिचकीत विमान एवढं सरकतं की अरुंद फटीत भिंत तुम्हाला खाते. आर्केडमध्ये दोन स्पीड पुरतात. एका स्पीडवर अख्खा गेम काढणारेही आहेत, पण त्यांना प्रत्येक गोळी कुठून येणार हे पाठ असतं.

कोणतं शस्त्र कशासाठी

साधी गोळी स्क्रीनवर एकावेळी मोजकीच राहू शकते. आधीची गोळी लागली किंवा स्क्रीनबाहेर गेली की पुढची सुटते. त्यामुळे लांबून मारलं की मारा विरळ, जवळ जाऊन मारलं की दाट. लेझर नसताना बॉससमोर, म्हणजे स्टेजच्या शेवटच्या मोठ्या शत्रूसमोर, हे कामी येतं.

मिसाइल तिरका खाली पडतो, जमिनीला लागला की जमिनीलगत पुढे धावतो. खालच्या तोफांची काळजी त्यानं मिटते आणि तुमची नजर वर राहते. दोन कॅप्सूलमध्ये याहून चांगला सौदा नाही. छताच्या तोफांना मात्र त्याचा उपयोग शून्य.

डबल एक गोळी समोर, एक तिरकी वर सोडतो. छताच्या तोफांसाठी ठीक, पण समोरचा मारा मंदावतो. आमचं मत स्पष्ट आहे: डबल फक्त अडचणीत, लेझरला एक कॅप्सूल कमी पडत असताना आणि छत तोफांनी भरलेलं असताना.

लेझर एका शत्रूला भेदून मागच्यापर्यंत जातो. त्याचा एक गुण नीट पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. सुटलेला किरण विमानाच्या उंचीशी बांधलेला राहतो, विमान वर गेलं की उडता किरणही वर सरकतो. म्हणजे लेझर सोडून पटकन वर-खाली केलं की किरण झाडूसारखा फिरतो आणि मधलं सगळं साफ करतो. मोकळ्या जागेतल्या टोळ्यांवर हे करून पाहा.

शिल्ड म्हणजे विमानाच्या नाकासमोर तरंगणारे दोन गोळे. ते समोरचा मार झेलत झिजत जातात. मागून, वरून, खालून आलेल्या गोळीला ते अडवत नाहीत. नवखे शिल्ड लावून निर्धास्त होतात आणि पाठीमागच्या गोळीनं मरतात. सगळं सजून झाल्यावर पट्टी सहाव्या घरावर आणून ठेवा आणि शिल्ड झिजून गेली की त्याच क्षणी बटण दाबा. तोवर समोर आलेल्या लाल कॅप्सूल चुकवत जायचं. फुकटची कॅप्सूल टाळणं विचित्र वाटतं, पण एक जरी घेतली तरी राखीव शिल्ड हातची जाते.

ऑप्शन: हाच खरा गेम

ऑप्शन म्हणजे नारिंगी चमकते गोळे. तुम्ही जे सोडाल तेच तेही सोडतात, आणि त्यांना काहीही मारू शकत नाही. गोळ्या, भिंती, बॉस, सगळ्यातून ते पार जातात.

ते विमानाच्या मागे शेपटीसारखे लटकत नाहीत. तुम्ही ज्या वाटेनं गेलात त्या वाटेवर ठराविक अंतर राखून चालतात. तुम्ही थांबलात की तेही जागच्या जागी थांबतात. यावर सगळी कला उभी आहे. एक स्पीड घेऊन मोकळ्या जागेत या तीन चाली घोटून घ्या.

उभी भिंत: तळापासून सरळ वर या आणि थांबा. ऑप्शन तुमच्या खाली एकाखाली एक उभे राहतात. आता गोळी सोडली की स्क्रीनचा मोठा उभा पट्टा एका वेळी भाजून निघतो. टोळ्या आणि ज्वालामुखीसाठी हीच मांडणी.

पुढचा पहारा: उजवीकडे लांब जा आणि सरळ डावीकडे मागे या. तुम्ही मागे येता, ऑप्शन तुमच्या पुढे राहतात. शत्रूच्या तोंडाशी तोफा आणि तुम्ही सुरक्षित अंतरावर. मात्र त्यानंतर थोडंही वर-खाली हललात की रांग मोडते, म्हणून जागा आधी हेरून मगच ही चाल करा.

कोपऱ्याआडचा मारा: डोंगराच्या आड बसलेल्या तोफेच्या उंचीला क्षणभर जाऊन लगेच आडोशाला परत या आणि थांबा. ऑप्शन त्या उंचीवर राहतो आणि आडोशातून तोफ उडवतो.

स्पीड जास्त असेल तर ऑप्शन एकमेकांपासून लांब पडतात, कमी असेल तर गोळा होतात. दोन स्पीड सांगण्यामागे हेही एक कारण आहे: भिंत पुरेशी उंच होते आणि विमानही हातात राहतं.

कॅप्सूल कुठल्या क्रमानं खर्चायची

आम्ही सुचवतो तो क्रम: एक स्पीड, मिसाइल, लेझर, मग दोन ऑप्शन, दुसरा स्पीड, उरलेले दोन ऑप्शन, शेवटी शिल्ड. बेरीज करत गेलात तर तिसऱ्या कॅप्सूलला मिसाइल, सातव्याला लेझर, बाराव्याला पहिला ऑप्शन, सतराव्याला दुसरा, अठराव्याला दुसरा स्पीड, तेविसाव्या आणि अठ्ठाविसाव्याला उरलेले दोन, चौतिसाव्याला शिल्ड. काही जण लेझरआधी ऑप्शन घेतात, आणि टोळ्या पूर्ण मारण्यासाठी ते वाईट नाही, कारण जितक्या टोळ्या पूर्ण तितक्या कॅप्सूल जास्त. लेझर आधी घेतला तर पहिल्या स्टेजचा शेवट सोपा जातो.

एक गोष्ट मात्र माहीत हवी. तुम्ही जितके सजता तितके शत्रूही तिखट होतात, गोळ्या जास्त सोडतात. त्यामुळे सगळं मिळालं म्हणजे आता निवांत, असं इथे होत नाही.

स्टेजवार

प्रत्येक स्टेजच्या आधी जमीन नसलेला मोकळा पट्टा येतो, टोळ्या आणि फक्त टोळ्या. हा पट्टा म्हणजे पगाराचा दिवस. इथे एकही रांग सोडायची नाही. स्क्रीनच्या डावीकडच्या एक तृतीयांश भागात, मधल्या उंचीवर थांबा. टोळी आत शिरून वळण घेते तेव्हा तिच्यामागे धावू नका. वळून ती तुमच्याच उंचीवर परत येते, तिथे वाट पाहा.

पहिली स्टेज डोंगरांची. जमिनीवर आणि छतावर तोफा, चालणारी दोन पायांची यंत्रं, आणि झाकण उघडून शत्रूंचा लोंढा सोडणारी हॅच. हॅच दिसली की बाकी सगळं सोडून तिला आधी मारा. ती जिवंत राहिली तर तिच्यातून निघालेले मागून घेरतात. शेवटी स्क्रीन थांबतो आणि दोन ज्वालामुखी दगड ओकू लागतात. नवखा माणूस इथे दगड चुकवायला बघतो. ते जमत नाही, कारण दगड वर जाऊन कमानीत कुठेही पडतात. डावीकडे मागे सरून, ऑप्शनची उभी भिंत करून, डोंगराच्या तोंडाच्या जरा वरच्या उंचीला मारा लावून धरा. दगड पसरण्याआधी फुटला पाहिजे. पसरल्यावर मोजत बसण्यात अर्थ नाही.

मग बिग कोअर. हे मोठं जहाज पुढेही बहुतेक स्टेजच्या शेवटी भेटतं, म्हणून इथेच नीट शिका. जहाजाच्या मध्यावर गाभा आहे, त्याच्यापुढे एकामागे एक पडदे. सरळ रेषेत मारत एकेक पडदा फोडायचा आणि मग गाभा. जहाज वर-खाली करत चार समांतर किरण सोडतं. गाभ्याच्या रेषेतच उभं राहून मारत बसलात तर किरण तुमच्यावर येतात. म्हणून ऑप्शन गाभ्याच्या उंचीवर उभे करा आणि विमान त्यांच्या वर किंवा खाली, किरणांच्या पट्ट्याबाहेर ठेवा. ऑप्शन नसतील तर गाभ्याच्या रेषेत शिरायचं, दोन-तीन गोळ्या झाडायच्या, किरण सुटायच्या आत निघायचं. आणि काहीच जमत नसेल तर? बराच वेळ टिकून राहिलात की बिग कोअर स्वतःच उडून जातं. गुण मिळत नाहीत, पण जीव वाचतो. उघड्या विमानासाठी ही मोठी सवलत आहे, ती लाजेखातर सोडू नका.

दुसरी दगडी चौथऱ्यांची, फटी अरुंद. जास्त स्पीड घेतलेले इथे पस्तावतात. बाकी फार सांगण्यासारखं नाही.

तिसरी मोआईंची. ईस्टर बेटावरच्या दगडी मुंडक्यांसारखी ही मुंडकी तोंडातून वर्तुळं सोडतात. मुंडकं फुटतं ते तोंड उघडं असतानाच आणि मारा तोंडात बसला तरच. वर्तुळं गोळीनं फुटतात, त्यामुळे मारा थांबवू नका. धोका समोर बघणाऱ्या मुंडक्यांचा नाही. उजवीकडे तोंड केलेली मुंडकी तुम्ही पुढे गेल्यावर पाठीत मारतात, आणि शिल्ड तिकडे नाही. म्हणून उजवीकडे तोंड असलेल्या मुंडक्याच्या पुढे जाऊन रेंगाळायचं नाही, त्याच्या उंचीवरून हटून थेट पुढची जागा गाठायची. पुढच्या पहाऱ्याची चाल इथे सगळ्यात उपयोगी: ऑप्शन मुंडक्याच्या तोंडाशी, तुम्ही मागे.

चौथी म्हणजे पहिलीच, उलटी केलेली. डोंगर आणि ज्वालामुखी वरून लटकतात, दगड वरून येतात. मिसाइलचा उपयोग घटतो, मारा छतालगत हवा.

पाचवीत जमीन नाही. लांब हात असलेले जीव तरंगत येतात, मधोमध डोळ्यासारखा गाभा, भोवती वळवळते हात. हातांवर गोळ्या फुकट घालवू नका, गाभा फुटला की हातही जातात. दोन जीव एकत्र स्क्रीनवर येऊ द्यायचे नाहीत, हे एकच सूत्र. पहिला उजव्या काठाशी दिसताच ऑप्शन पुढे टाकून त्याला तिथेच संपवायचं. दोघांच्या हातांमध्ये सापडलात की निघायला वाट राहत नाही.

सहावी पेशींची. सगळीकडे जिवंत गोळे, वाट स्वतः मोकळी करत जायची. इथे मारा अखंड लागतो, बोट उचलायचं नाही.

सातवी किल्ल्याची, वर-खाली तोफांची दाटी आणि हॅचच हॅच. इथवर सजून आलात तर लेझर आणि उभी भिंत पुरते. शेवटचा मेंदू तुमच्यावर एक गोळीही सोडत नाही, त्याला धरून ठेवणारे दोर फोडले की संपलं. एवढ्या लढाईनंतर हा शेवट काहींना फुसका वाटतो. त्यानंतर गेम पहिल्या स्टेजपासून पुन्हा सुरू होतो, शत्रू अधिक तिखट होऊन. तुमची शस्त्रं मात्र तुमच्याजवळच राहतात.

मेल्यानंतर

मेलात की सगळं जातं. लेझर, ऑप्शन, स्पीडसुद्धा. आणि विमान स्टेजमधल्या आधीच्या ठराविक जागी परत येतं. तुमच्याकडे आता कासवाच्या चालीचं विमान आणि मोजक्या साध्या गोळ्या. दोन लाइफ शिल्लक असूनही खेळ तिथेच संपतो, कारण उरलेली दोन्ही त्याच जागी तशीच जातात. हे टाळण्याची पद्धत अशी.

१. पहिल्या काही सेकंदांत तोफांकडे बघूही नका. कॅप्सूल टाकणारे शत्रू कुठून येतात तेवढंच बघा: तांबडे कोणते, रांग कुठल्या कोपऱ्यातून. हे प्रत्येक वेळी सारखंच असतं, म्हणून पाठ होतं.

२. पहिली कॅप्सूल स्पीडला. यात अपवाद नाही. वेगाशिवाय दुसरी कॅप्सूल गाठताच येत नाही.

३. पुढच्या दोन मिसाइलला द्यायच्या की ऑप्शनसाठी साठवायच्या हे जागेवर ठरतं. जमिनीवर तोफा दाट असतील तर मिसाइल. जमीनच नसेल, म्हणजे पाचव्या स्टेजसारखी जागा असेल, तर थेट पाचपर्यंत साठवून ऑप्शन.

४. पहिल्या ऑप्शननंतर दुसरा ऑप्शन. लेझर मागे ठेवा. उघड्या विमानाला शत्रूला भेदणारा एक किरण देण्यापेक्षा तीन ठिकाणांहून साधी गोळी सुटणं जास्त कामाचं.

५. सुरक्षित तीन कॅप्सूल आणि धोक्यातली चौथी यांत तीन पुरेशा. भिंतीच्या खोबणीत गेलेली कॅप्सूल सोडून द्या.

६. बिग कोअर आला आणि हाती फक्त स्पीड असेल, तर जवळ जाऊन मारण्याचा हट्ट धरू नका. वर सांगितल्याप्रमाणे वेळ काढा. त्यानंतरचा मोकळा पट्टा पगाराचा आहे, तिथे पुन्हा उभे राहाल.

सराव कसा करायचा

सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा खेळून हा गेम येत नाही. पहिल्या स्टेजमध्ये निष्णात होता आणि पाचवी मात्र दिवसाला एकदा दिसते. त्याऐवजी सरावाचा मोड किंवा सेव्ह वापरा आणि प्रत्येक स्टेज दोनदा शिका: एकदा पूर्ण सजून, एकदा उघड्या विमानानिशी.

उघड्याचा सराव असा लावा. स्टेजच्या मध्यावर मुद्दाम मरा. विमान परत आलं की लगेच सेव्ह करा, हीच तुमची सुरुवातीची रेघ. इथून बॉसपर्यंत जायचं. मेलात तर रिवाइंड नाही, सेव्हवरूनच परत. रिवाइंडनं चुकीची गोळी तेवढी टळते, पण त्याआधीची चुकीची जागा तशीच राहते, आणि बहुतेक मरण जागेमुळे येतं. रिवाइंड वापरायचाच तर मेल्यावर तीन-चार सेकंद मागे जाऊन थांबा आणि फक्त बघा: विमान कुठे होतं, ऑप्शन कुठे होते, कॅप्सूल कुठे पडली होती. मग सेव्ह लोड करा.

पहिल्यांदा चौथी घ्या, मग पाचवी, मग सातवी. पहिल्या तिन्हीची उघडी वाट तुलनेनं सोपी आहे, ती शेवटी आली तरी चालेल. एका जागेवरून सलग तीन वेळा बॉस पार झाला की पुढची जागा. आणि प्रत्येक जागेसाठी वहीत एक ओळ लिहा: पहिली कॅप्सूल कुठे, कितव्या कॅप्सूलला काय घेतलं. सातव्या स्टेजपर्यंत हे कागदाचं एक पान होतं. कंट्रोलर हातात असताना डोकं चालत नाही, तेव्हा ते पान समोर ठेवा.